वाचनालयाचा तळमजला आमच्याकडून काढून घेऊ नका : कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय.

(गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल, आणि हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावात थोड्याफार फरकाने हेच चालू असेल.)

सप्रेम नमस्कार.

फलकावरची सूचना वाचली. पुढच्या महिन्यापासून तळमजल्यावरचा मुक्तद्वार वाचन कक्ष बंद होणार आणि तिथे वातानुकूलित, सशुल्क अभ्यासिका सुरू होणार. वर्तमानपत्रांचे टेबल दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी जाणार. अभ्यासिका सोडून बाकीचे वाचनालय दुपारी बारा ते चार बंद राहणार. बुधवारी दुपारी आम्ही काहीजण बसतो, त्या बैठकीला 'जागेअभावी' परवानगी नाही. आणि सगळ्यात शेवटी, 'ज्येष्ठ सभासदांनी विनाकारण बसून राहू नये'. खाली सही कुणाचीच नाही, नुसता शिक्का आहे.

कार्यवाहांना प्रत्यक्ष भेटले. त्यांनी चहा मागवला आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "काकू, सगळे पेपर आता मोबाइलवर येतात. उन्हात यायची दगदग कशाला? घरी बसून आरामात वाचा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. म्हाताऱ्या माणसाला घरी बसवले की त्याचे भले झाले, ही समजूत एकट्या मंडळाची नाही. ती मुलांची आहे, सुनांची आहे, आणि आम्हा म्हाताऱ्यांपैकी निम्म्याअधिकांनी ती निमूटपणे मान्यही केली आहे.

मी एकाहत्तर वर्षांची, वाचनालयाची आजीव सभासद. नोकरी दूरध्वनी केंद्रात ऑपरेटरची. ट्रंक कॉल बुक करून लोक तासन्‌तास वाट बघत बसायचे तो काळ. दिवसभर कानात माणसांचे आवाज : मुलगा झाला, माल पोचला नाही, अण्णा गेले, लगेच निघा. मग निवृत्त झाले, पुढे हे गेले, मुलगा बंगळुरूला. घर एकदम गप्प झाले. त्यात माझे कान गेले आणि ते गेल्याचा मला पत्ताच नव्हता. एकट्या राहणाऱ्या बाईला बहिरेपण कळत नाही. टीव्हीचा आवाज थोडा वाढवला की काम भागते. मला ते कळले बुधवारच्या बैठकीत. कुणीतरी विचारले, "चष्मा नवा केला का?" मला ऐकू आले भाच्याबद्दल. मी म्हटले, "हो, रात्रीच्याच गाडीने गेला." सगळे हसले, मीही हसले. बैठक उठल्यावर एकीने मला बाजूला घेतले आणि म्हणाली, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर. आज मशीन लावून बसते. किरकिर करते, पण चालते.

ऐकू न येणारे माणूस आधी भलत्या ठिकाणी हसते. मग फजितीच्या भीतीने बोलणे टाळते, आणि शेवटी चारचौघांत जायचेच सोडते. घरच्यांना वाटते, वयाने शांत झाली.

हे माझ्या एकटीचे रडगाणे असते तर पत्र लिहिले नसते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात चौदा गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांच्यावर वेळीच काही करता येते. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही नावे आपण ऐकून असतो. त्याच यादीत कमी ऐकू येणे आहे, उपचार न केलेली अधू दृष्टी आहे, नैराश्य आहे, हालचाल नसणे आहे, लहानपणी शिक्षण कमी मिळणे आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. या चौदाही गोष्टींचा बंदोबस्त झाला तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज. आपल्या देशात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार असावा, असे 'लासी' या राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून पुढे आले. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघाले. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, दुपारच्या वेळेबद्दल बोलताना पुन्हा लागेल.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले होते. तो अभ्यास २००३ साली छापून आला. वाचणारे, बैठे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे यांच्यात स्मृतिभ्रंश कमी दिसला. आता मी काही भाबडी नाही. मेंदू आतून पोखरायला लागला की माणूस पहिल्यांदा पुस्तकच बाजूला ठेवतो, तेव्हा आधी काय आणि नंतर काय हे अशा अभ्यासातून छातीठोकपणे सांगता येत नाही. 'रोज एक कोडे सोडवा आणि विसरभोळेपणा पळवा' असा फॉरवर्ड कुणी पाठवला तर मी तो पुढे ढकलत नाही. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० जणांचे मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाला आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर हे सगळे एकत्र दिले, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. दोन वर्षांनी पहिल्या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी सरस निघाली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एका गोळीने किंवा एका ॲपने होणारे हे काम नव्हे. उठून, कपडे करून, रस्ता ओलांडून, चार माणसांत जाऊन बसण्यात त्यातले किती येते ते आपणच मोजा.

आता त्या 'विनाकारण बसण्या'बद्दल. मंडळातले कुणी बुधवारी दुपारी तीनला तिथे आलेले मला आठवत नाही, म्हणून सांगते. कोडे पेपरवरच सोडवले की पुढचा वाचणारा भडकतो, म्हणून एकजण समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणतो. टेबलाभोवती आम्ही सगळे. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द अडकतात. शब्द माहीत असतो, अर्थ माहीत असतो, तोंडात येत नाही. घरी ते अडखळले की पत्नी वाक्य पुरे करते, मुलगा विषय बदलतो, दोघेही मायेनेच. इथे मात्र ठरून गेलेले आहे की दर कोड्यातला एक शब्द त्यांचा आणि त्या शब्दाला कुणी हात लावायचा नाही. ते बोटाने चौकोन मोजतात, पहिले अक्षर टेबलावर गिरवतात, डोळे मिटतात. आम्ही थांबतो. सोपे नसते ते. उत्तर माझ्या जिभेवर नाचत असते आणि मी ओठ दाबून बसलेली असते. परवा सूत्र होते, मसाला कुटायचे साधन, चार अक्षरी. बराच वेळ गेला आणि मग ते एकदम ओरडले, "खलबत्ता!" कोपऱ्यात अभ्यास करणारी दोन मुले दचकली.

दुसरे एक आजोबा जन्मभर गवंडीकाम केलेले. चौथीत शाळा सुटलेली. मथळे बोट ठेवून वाचतात, खालचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घेतात आणि मग मुख्याध्यापकांशी त्यावर वाद घालतात. दोघांचे पक्ष वेगळे, त्यामुळे वादाला खळ नाही. वाद घालायचा तर समोरच्याचे ऐकावे लागते, ते धरून ठेवावे लागते, उत्तर जुळवावे लागते. मोबाइलवर पेपर वाचताना एवढे कष्ट डोक्याला पडत नाहीत, कारण मोबाइल उलटून बोलत नाही. गवंडीबुवांकडे स्मार्टफोन नाही, आणि असता तरी त्यावरची अक्षरे त्यांना दिसली नसती, ही गोष्ट वेगळीच.

आमचे आक्षेप असे.

दुसऱ्या मजल्याचा पहिला. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, आणि तोही भिंतीतून सुटलेला. लिफ्ट नाही. मुख्याध्यापक काठी टेकत येतात. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या किमान तिघीजणी आहेत. टेबल वर नेणे म्हणजे आम्हाला न सांगता बंदी घालणे. यावर जास्त लिहायची गरज नसावी.

दुपारच्या वेळेचा मात्र सविस्तर लिहिते, कारण मंडळात सगळे पुरुष आहेत आणि हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नसेल. सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ ही वेळ पुरुषांच्या दिवसाला बरोबर जमते. सकाळी फिरून येताना पेपर, संध्याकाळी देवाला जाताना पुस्तक बदलून. बाईच्या दिवसात, ती सत्तरीची असली तरी, सकाळ डब्यांची असते. नातवंडे शाळेतून आली की खाणे, अभ्यास, दिवाबत्ती, रात्रीचे जेवण. मधली भांडी आवरल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंतची दुपार, तेवढीच तिची. बुधवारच्या बैठकीत आज निम्म्याहून जास्त बायका आहेत, त्याचे कारण तेच. त्यांच्यापैकी एकीला नवरा गेल्यावर वर्षभर कुणी उंबऱ्याबाहेर पाहिले नव्हते. सुनेने पुस्तक परत करायच्या निमित्ताने पाठवले, ती बसली, आता कोड्याचा झेरॉक्स तीच सांभाळते. आपण वेळापत्रकातले चार तास कापले, पण कापले गेलेले तास जवळजवळ सगळे बायकांचे आहेत, आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त निघाले तेही बायकांतच. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीकडे झुकलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन बसू लागल्या. त्या शाळेचे वर्गही दुपारीच भरत. शेताची आणि घराची कामे उरकल्यावरच ही माणसे मोकळी होतात, हे ज्याने शाळा काढली त्या मास्तरांना आधी कळले होते.

मंडळातले एक सदस्य म्हणाले, नगरपरिषदेचे विरंगुळा केंद्र आहे की, तिकडे जा. गेले होते. पत्र्याची शेड, आत पत्त्यांचे दोन डाव, बाहेर कोनशिलेवर आठ नावे. पत्ते खेळणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, बैठा खेळ आहे, चांगलाच आहे. पण तिथे एक बाई नव्हती, स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि वाचायला म्हणून एका जुन्या कॅलेंडरची पाने. सरकार आम्हाला एकीकडे पुष्कळ देते. पंच्याहत्तरीनंतर एसटी २०२२ पासून फुकट आहे. (रेल्वेची सवलत २०२० च्या मार्चमध्ये गेली ती गेलीच, तो राग वेगळ्या पत्रात काढीन.) अष्टविनायकाला जायची सोय झाली, घरापासून दहा मिनिटांवर रोज टेकायची जागा मात्र जाते आहे.

आता विद्यार्थ्यांबद्दल. आम्ही त्यांच्या विरोधात उभे आहोत असे भासवण्याचा प्रयत्न चालला आहे, तो कृपा करून थांबवा. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शांत जागा हवीच. 'खलबत्ता' ऐकून दचकलेल्या मुलांनी तक्रार केली असेल तर ती रास्त आहे, आम्ही कोलाहल करतो. पण मग अभ्यासिका पहिल्या मजल्याच्या सभागृहात का नाही? ते वर्षातला बराच काळ साड्यांच्या आणि चादरींच्या सेलला भाड्याने जाते. मुलांचे गुडघे शाबूत आहेत. वर शांतता असेल, खाली गप्पा असतील, दोन्ही पिढ्या सुखी. याच मुलांना आमचे मुख्याध्यापक, आजार होण्याआधी, मराठी व्याकरण फुकट शिकवत, आणि याच मुलांनी मला लाइट बिल मोबाइलवरून भरायला शिकवले. भांडण आमच्यात नाही.

पैशाचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. अनुदान वेळेवर येत नाही, सेवकांचे पगार थकतात, विजेचे बिल वाढते. अभ्यासिकेतून दरमहा फी येईल आणि वाचन कक्षातून दमडी येत नाही. पण हे वाचनालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेते, आणि 'सार्वजनिक' म्हणजे जो पैसे देऊ शकत नाही तोही आत येऊ शकतो. आम्हा पेन्शनवाल्यांना महिन्याला वर्गणी द्यायला जड नाही, मागा, देऊ. दिवाळी अंक योजनेची फी वाढवा, त्यालाही ना नाही. गवंडीबुवांकडून मात्र एक रुपया घेऊ नका. ज्याला या खोलीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच खिशात काही नसते.

आणि एक गोष्ट या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते. आम्हाला नुसते बसायचे नाही, काम हवे आहे. दिवाळी अंकांना कव्हर घालणे, फाटकी पुस्तके चिकटवणे, नोंदवहीतल्या जुन्या पुस्तकांची यादी ताडून पाहणे, यासाठी आपल्याकडे माणूस नाही म्हणून कपाटे बंद पडली आहेत. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन आहेत. गावातली अंथरुणाला खिळलेली कितीतरी वाचकमंडळी त्यांना गल्लीसकट माहीत आहेत. आठवड्याला पिशवीभर पुस्तके त्यांच्या घरी पोचवायला ते एका पायावर तयार आहेत. हे मागच्या वर्षी तोंडी सुचवले होते. उत्तर आले, "या वयात कशाला त्रास घेता?" साठी उलटलेल्या माणसाकडून कुणी काही मागतच नाही, सगळे त्याला आराम देतात. कुणी वाट बघत नाही म्हटल्यावर सकाळी आंघोळ तरी कशासाठी लवकर करायची, असे म्हणणारी माणसे मी रोज बघते.

मागण्या अशा आहेत.

एक, सूचनेतला निर्णय ताबडतोब स्थगित करावा आणि सभासदांची विशेष सर्वसाधारण सभा बोलावून तिथे तो मांडावा. एवढा मोठा बदल बैठकीच्या इतिवृत्तात गुपचूप उरकण्यासारखा नाही.

दोन, मुक्तद्वार वाचन कक्ष तळमजल्यावरच आणि मोफतच राहावा. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर करावी, ती करायला आम्ही वर्गणी गोळा करून देऊ.

तीन, दुपारी दोन ते पाच वाचन कक्ष उघडा असावा. सेवक नसेल तर किल्ली आमच्यातल्या दोघांच्या सहीने द्यावी.

चार, बुधवारची बैठक चालू राहावी, आणि बोलण्यासाठी खिडकीकडचा कोपरा नेमून द्यावा.

पाच, हात असलेल्या खुर्च्या, टेबलावर नीट उजेड, जिन्याला दोन्हीकडे कठडा, आणि तळमजल्यावर बायकांसाठी कुलूप नसलेले स्वच्छतागृह.

सहा, ज्येष्ठ सभासदांना कामे वाटून द्यावीत आणि ती केली नाहीत तर जाबही विचारावा.

आणि कार्यकारी मंडळात निदान दोन जागांवर बायका असाव्यात. निवडणूक येते आहेच. आमच्यातल्या काहींनी अर्ज भरायचे ठरवले आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पाठीमागून केले असे व्हायला नको.

गावातल्या वाचकांना विनंती, आजीव सभासद असाल तर वर्गणीची जुनी पावती शोधून ठेवा, सभेला ती लागेल.

मंडळाने उत्तर लेखी द्यावे आणि त्याच फलकावर लावावे. या वेळी खाली सही असावी, आणि अक्षर जरा मोठे.

आपली,
एक आजीव सभासद